सहावं घर

३ मार्च

चि. बेबीस,

एकसष्ट वर्षांच्या बाईला बेबी म्हणताना माझं मलाच हसू येतं, पण आता सवय मोडायची नाही. फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. तुला ऐकू कमी येतं म्हणून छकुली फोन मोठ्या आवाजात लावते. म्हणजे तिकडे तुझी लेक-जावई ऐकतात आणि इकडे दोन खोल्यांत तुझा दादा. मला तुझ्याशी एकटीशी बोलायचंय.

आधी इथली खबर. कोपऱ्यावरची बेकरी बंद झाली. बस आता दिवसातून दोनदाच येते. शिलाई मशीनचा कारखाना बंद पडला तेव्हा सगळे म्हणाले होते, कारखाना गेला तरी माणसं आहेत ना. मग तरुण माणसं गेली, त्यांची पोरं गेली, पोरं नाहीत म्हणून शाळा गेली, आणि शाळा नाही म्हणून उरलीसुरली पोरांची घरंही गेली. आपल्या इमारतीत चोवीस घरं. त्यांतली सहा जिवंत, तीही तुझं धरून. तू तीन वर्षं इथे नाहीस, पण वसाहतीच्या कार्यालयातल्या रजिस्टरात तुझं नाव आहे, म्हणून तुला धरतात. सहा घरं असली तर लिफ्ट चालू. पाच झाली की लिफ्ट बंद, चार झाली की वरच्या मजल्यांच्या पाण्याचा पंपही बंद. असा नियम जिन्याखाली लावून गेलेत.

आता माझं मागणं. तुझं तळमजल्याचं घर आम्हाला राहायला देशील का? माझे गुडघे आता ऐकत नाहीत. लिफ्ट चालू आहे, पण म्हातारी झालीय, मधेच रुसते. वरचं घर आमच्या नावावर तसंच राहील, म्हणजे आकडाही बिघडायचा नाही. तुझं सामान मी एका खोलीत नीट लावून ठेवीन.

दादाला मी हे विचारलेलं नाही. तूही काही बोलू नकोस.

तुझी,
वहिनी


२१ मार्च

प्रिय वहिनी,

तुझं पत्र आलं आणि अक्षर बघूनच बरं वाटलं. इथे मला पत्र येत नाही. छकुलीच्या इमारतीत खाली पेट्यांची भिंत आहे, आमच्या पेटीत फक्त जाहिराती पडतात.

माझं उत्तम चाललंय. नातवाला शाळेत सोडते, आणते. खोली हवेशीर आहे. समोर नवीन इमारती चढताहेत. तिकडे घरांना माणसं नाहीत आणि इकडे माणसांना घरं नाहीत, बघ कसं आहे.

घराचं म्हणशील, तर मी छकुलीशी बोलले. तिचं म्हणणं, नात्यात घर राहायला दिलं की पुढे कागदाची गुंतागुंत होते. जावईबापूही तेच म्हणाले. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. पण एक गोष्ट मला खटकली, ती मनात ठेवत नाही. दादा इमारतीत असताना तू लिफ्टची काळजी करतेस? चाळीस वर्षं वसाहतीतल्या सगळ्या लिफ्टा त्याने दुरुस्त केल्या. आणि गुडघे तुझे दुखतात, तर तो का विचारत नाही? मी निघाले तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाला होता, "जायचं तर जा, पण मग या दाराकडे परत बघू नकोस." तेच दार आता त्याला हवंय आणि विचारायला तुला पुढे केलंय, असं मला वाटलं. चूक असेन तर माफ कर.

त्याने स्वतः दोन ओळी लिहिल्या तर मी त्याच दिवशी हो म्हणेन. तीन वर्षांत त्याने एक अक्षर लिहिलेलं नाही.

तुझी,
बेबी


९ एप्रिल

चि. बेबी,

तो लिहिणार नाही. हाताला लागलंय त्याच्या, पेन धरता येत नाही. एवढंच समज. त्याने मला पुढे केलेलं नाही, उलट मी हे लिहितेय हे कळलं तर चार दिवस तोंड फिरवून बसेल.

तुझ्यावर ओझं नको म्हणून मी आधी तळमजल्यावरची बाकीची तिन्ही दारं ठोठावून पाहिली, म्हणजे कागदावर. शिंप्याचं घर तुला आठवतं. शिंपी गेला, त्याचे सात वारस सात ठिकाणी. सहा जण हो म्हणाले, सातवा कुठे आहे हे सहांनाही ठाऊक नाही. त्याच्या सहीशिवाय ते घर ना विकता येतं, ना देता येतं. चित्रकलेच्या मास्तरांच्या मुलाने कळवलं, भाव वर जातील तेव्हा बघू, तोवर कुलूप राहू दे. भाव वर जाणार म्हणे! घराच्या खिडक्या गेल्यात, आतले नळ चोरीला गेलेत. तिसरं घर रखवालदाराचं, त्याची जमीन खचलीय.

इमारतभर रिकामी घरं आणि राहायला एक मिळेना. प्रत्येकाचा मालक आहे, फक्त इथे नाही.

दुसऱ्या मजल्यावरच्या संगीताच्या बाई अजून आहेत. तिसऱ्यावरचं जोडपं आहे, पण आजोबांना दम लागतो. चौथ्यावरची नर्स, पहिल्यावरचा न्हावी, आम्ही आणि तू. झाले सहा.

बेबी, तू अकरा वर्षांची होतीस तेव्हा मी या घरात आले. तुझ्या वेण्या मी घातल्यात. आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. का, कशाला, असं विचारू नकोस. नुसतं हो म्हण.

वहिनी


१७ मे

प्रिय वहिनी,

उत्तराला उशीर झाला. नातवाला गोवर झाला होता, मग घरात रंगकाम निघालं, दिवस कसे गेले कळलं नाही.

घराबद्दल जरा थांब. इतकी घाई करू नकोस. जूननंतर शांतपणे बघू. गुडघ्यांना गरम पाण्याने शेकत जा, आणि वरून खाली फेऱ्या कमी कर, न्हावी सामान आणून देईल.

एक विचारायचं होतं. तो सहा घरांचा नियम अजून तसाच आहे का? की नुसती भीती घालायला लावलाय? आणि एखादं घर कमी झालं, तर लिफ्ट लगेच बंद करतात की काही महिने देतात? सहज विचारतेय.

दादाच्या हाताला काय लागलंय? तेही लिही.

बेबी


४ जून

बेबी,

काल सकाळी दूध आणायला खाली उतरले तर तुझ्या दारात तीन गवंडी. सिमेंटच्या विटा रचून दार बुजवत होते. मी म्हटलं, तुम्ही चुकीच्या दारात आलात. त्यांच्यातल्या एकाने कागद दाखवला. घर कार्यालयाच्या स्वाधीन केल्याचा कागद, खाली तुझी सही. ती सही मी ओळखणार नाही? वहीच्या मागच्या पानावर ती मीच तुझ्याकडून गिरवून घेतली होती.

तारीख बारा एप्रिल. म्हणजे 'जरा थांब' लिहिलंस, तेव्हा महिना उलटून गेला होता. आणि 'सहज विचारतेय' म्हणत तू मला काय विचारत होतीस, ते मला काल कळलं.

दुपारी लिफ्टचा माणूस आला. तळमजल्याच्या दाराला साखळी घालून गेला. घरं पाच.

आता ऐक. तुझ्या दादाला जानेवारीत अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला. बोलतो, पण तोंडात गोटी धरल्यासारखं. मला आणि नर्सला सोडून कुणाला नीट कळत नाही. शुद्धीवर आल्यावर पहिली गोष्ट त्याने मला सांगितली ती ही, की बेबीला कळवायचं नाही. "तिला वाटेल, मी आजारपण दाखवून परत बोलावतोय." मी शब्द दिला. म्हणून गुडघ्यांचं सोंग घेतलं. माझे गुडघे ठणठणीत आहेत.

दर आठवड्याला मी त्याला चाकांच्या खुर्चीत बसवून लिफ्टने खाली न्यायची, डॉक्टरकडे. लिफ्ट रुसली की आमची वारी चुकायची. म्हणून तुझं घर हवं होतं. आता तो पाचव्या मजल्यावर आहे आणि खाली यायला नव्वद पायऱ्या आहेत. तुझं घर आहे, त्यात तुझं कपाट आहे, पलंग आहे, आणि दाराच्या जागी भिंत आहे.

मी शब्द मोडला हे त्याला आज सांगणार आहे.

वहिनी


११ जून

वहिनी,

तुझं पत्र मी बाथरूममध्ये बसून वाचलं. या घरात दार लावून बसायला मला तेवढीच एक जागा आहे. हवेशीर खोलीचं मी खोटं लिहिलं होतं. स्वयंपाकघरात घडीची खाट टाकते, सकाळी सहाला उचलते. लेक वाईट नाही. जागाच नाही.

कार्यालयाच्या नोटिसा दर महिन्याला यायच्या. इमारतीच्या दुरुस्तीचा वाटा उचला, नाहीतर घर स्वाधीन करा. प्रत्येक नोटीस आली की जेवताना विषय निघायचा. जावईबापू आवाज चढवत नाहीत, नुसते कागद ताटाशेजारी ठेवतात. तुझं पहिलं पत्र आल्यावर छकुली म्हणाली, आता मामाचाही डोळा आहे त्यावर, मोकळी हो. बारा तारखेला मी सही केली. तुझं दुसरं पत्र तेरा तारखेला आलं. एक दिवस, वहिनी. ते वाचून मी टपालपेटीपर्यंत धावले, पण पाकीट गेलेलं होतं.

मला वाटलं होतं, लिफ्ट बंद झाली तर दादा ती स्वतः चालू करेल. कार्यालयाशी भांडेल. तो आजारी पडू शकतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही. माझ्या मनात तो अजून दारात उभा राहून मला घालवून देतोय.

तू काहीच का सांगितलं नाहीस? आणि मी तरी सही केल्याचं का सांगितलं नाही? दोघींनी तोंडं शिवून घेतली आणि मधे तो सापडला.

कार्यालयात फोन केला. पलीकडचा माणूस एवढंच म्हणत राहिला की प्रत्यक्ष या. तू जाऊन विचारशील का? मला सांग काय करू. तू म्हणशील ते करते.

बेबी


१९ जून

चि. बेबी,

रागाने चार पानं लिहिली होती, ती फाडली. कामाचं लिहिते.

कार्यालयात तीन दिवस गेले. पहिल्या दिवशी टेबल चुकलं, दुसऱ्या दिवशी साहेब नव्हता. तिसऱ्या दिवशी चष्म्याच्या कारकून बाईने नियमाचं पुस्तक उघडून दाखवलं. स्वाधीन केलेलं घर मालकाला परत घेता येतं, पण मालकाने स्वतः येऊन तिथे राहायचं, आणि सहीपासून नव्वद दिवसांच्या आत अर्ज द्यायचा. मी बोटांवर मोजलं. अकरा जुलै शेवटचा दिवस. बाई म्हणाल्या, इतक्या वर्षांत असा अर्ज एकही आलेला नाही. परत कोण येतंय?

तिसऱ्या दिवशी घरी आले तर तुझा दादा खुर्चीत नव्हता. दार उघडं. मी खाली धावणार तेवढ्यात वरून आवाज आला. लिफ्टची यंत्राची खोली गच्चीवर, आमच्या वर एक जिना. तो सातव्या पायरीवर भिंतीला टेकून बसला होता, डाव्या हातात पाना. दोन तास लागले म्हणे सात पायऱ्यांना. मी म्हटलं, काय करणार होतास वर जाऊन? म्हणाला, "मी बसवलीय ती. माझं ऐकेल." नर्स ड्यूटीवरून येईपर्यंत आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो.

आज सांगते, उद्या सांगते करत राहिले होते, शेवटी तिथेच मी त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं, संतापेल. त्याने पाना पायरीवर ठेवला. मग म्हणाला, "तिने माझं ऐकलं. दाराकडे बघू नकोस म्हटलं होतं, बघितलं नाही." आणि रडला. त्याला रडताना मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं.

डॉक्टर वर चढून यायला तयार नाहीत, त्यांचंही वय झालंय. गोळ्या मी आणते, पण रक्तदाब कोण बघणार? नर्स बघते, जमेल तसं. तिसऱ्यावरच्या आजी जिन्यात बसून रडतात. त्यांच्या मुलाने त्यांना घेऊन जायचं ठरवलंय.

ये म्हणत नाही. तुझाही संसार तिकडे आहे, खाटेएवढा का होईना. तारीख तेवढी कळवली.

वहिनी


२७ जून

वहिनी,

सहा जुलैला दुपारच्या बसने येते. घरात सांगितलं. छकुली रडली, जावईबापू म्हणाले, तिथे औषधाचं दुकानही उरलं नसेल. मी म्हटलं, माझा भाऊ उरलाय.

दादाला सांग, मी येतेय. रागावला तर रागावू दे.

बेबी


३० जुलै

चि. छकुलीस,

तुझे फोन येतात, पण तू मधेच बोलतेस आणि मला निम्मं ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. शेवटपर्यंत वाच. मामा गेला एवढं तुला माहीत आहे. कसा, ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

सहा तारखेला बस दीड तास उशिरा आली. मामी थांब्यावर उन्हात उभी होती. मामाला खुर्चीत खिडकीशी बसवून, अर्ध्या तासात येते म्हणून निघाली होती. आम्ही माझी बॅग दोघींत धरून जिना चढायला लागलो. दुसऱ्या मजल्यावर मी दम खायला थांबले. मामी पुढे गेली आणि कठड्याला धरून उभीच राहिली. मी वर गेले. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मधल्या वळणावर मामा बसला होता. पाचव्या मजल्यावरून पायरी-पायरीने बसत, घसरत, एका हाताच्या जोरावर पंचेचाळीस पायऱ्या उतरून आला होता. अंगात इस्त्रीचा सदरा, गुंड्या वर-खाली लागलेल्या. कोपर सोललेलं. चेहरा राखेसारखा.

तीन वर्षं मी त्याला द्यायची उत्तरं मनात घोटून ठेवली होती. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "लिफ्ट बंद आहे गं." शब्द जाड होते, पण मला नीट कळले. मग म्हणाला, "सामान घेऊन जिना चढावा लागला तुला."

मी काय बोलले ते मला आठवत नाही. त्याचं डोकं मांडीवर घेतलं एवढं आठवतं. न्हावी आणि संगीताच्या बाई धावून आले, स्वयंपाकघरातली खुर्ची आणली, आम्ही चौघांनी त्याला खाली नेलं. रुग्णवाहिका पाऊण तासाने आली. तीन दिवस तो दवाखान्यात होता. डोळे उघडायचा, मी दिसले की मिटायचा. नऊ तारखेला गेला.

दहाला आम्ही त्याला निरोप दिला. अकराला सकाळी मामीने मला हलवून उठवलं आणि म्हणाली, ऊठ, आज शेवटचा दिवस आहे. मी म्हटलं, आता कशाला गं, ज्याच्यासाठी करायचं तोच गेला. तिने माझे कपडे आणून खाटेवर ठेवले. आम्ही दोघी रांगेत उभ्या राहिलो. चष्म्याच्या बाईंनी अर्ज उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "या घराचं करणार काय तुम्ही?" मी सांगितलं, "राहणार." त्यांनी शिक्का मारला.

भिंत फोडायला दहा दिवस लावले. आत सगळं होतं तसं आहे, फक्त ओल वर चढलीय. मी राहायला लागले. आता सहा घरं झाली. तिसऱ्यावरचे आजी-आजोबा निघालेच होते, खोकी बांधून झाली होती. मामी त्यांच्या दारात जाऊन बसली. एवढा महिना काढा म्हणाली. ते थांबलेत, महिन्यापुरते.

तू फोनवर म्हणालीस की मामीला घेऊन मी तुझ्याकडे यावं, किंवा निदान दोघींनी खाली एकत्र राहावं, एकमेकींची सोबत होईल. छकुली, तेच करता येत नाही. माझ्या प्रकरणानंतर कार्यालयाने नियम कडक केलाय. रजिस्टरात नुसतं नाव असून भागत नाही, माणूस राहताना दिसला पाहिजे. संध्याकाळी कधीही तपासनीस येतो, चूल गरम आहे का, अंथरूण घातलेलं आहे का बघतो. मामी खाली माझ्याकडे आली तर वरचं घर रिकामं, म्हणजे पाच. लिफ्ट नाही. लिफ्ट नाही म्हणजे आजी-आजोबा जातील, म्हणजे चार. पंप बंद. मग नर्स जाईल, आणि मग कुणाला धरून ठेवायचं? आम्ही दोघींनी एका ताटात जेवायचं ठरवलं की ही इमारत संपली.

म्हणून ती वर राहते आणि मी खाली. आता लिफ्ट चालू करायची की नाही, ते महिनाअखेरीच्या तपासणीनंतर ठरवणार, म्हणजे उद्या-परवा. तोवर साखळी तशीच आहे. मामी रोज सकाळी नव्वद पायऱ्या उतरून येते. दिवसभर आम्ही एकत्र असतो, भाजी चिरतो, मामाच्या गोष्टी काढतो, कधी भांडतो. तू आधी सांगायला हवं होतंस, तू आधी सांगायला हवं होतंस, असं दोघीही म्हणतो आणि पुन्हा भाजी चिरायला लागतो. दिवस कलायला लागला की ती उठते. तिला वरच्या त्या दोन खोल्यांत एकटीला जाववत नाही, हे मला दिसतं. परवा उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, आज राहू का इथेच, एक दिवस? मला हो म्हणायचं होतं. मी तिची पिशवी तिच्या हातात दिली.

ती आत्ताच गेली. मी जिन्याशी उभी राहून वर बघत होते. प्रत्येक मजल्यावर ती कठड्यावरून वाकून खाली बघते, मी आहे की नाही ते. पाचव्यावर पोचली की दिवा लावते.

तुझी,
आई